दडपशाही चालणाऱ्या देशातल्या शर्यतीला संघांनी, ड्रायव्हरांनी जावं की घरी राहावं?

एप्रिल 2012. रत्नागिरीला पडवीत पेंढा घालून हापूसच्या पेट्या भरत होतो आणि टीव्हीवर बहारीनची फॉर्म्युला वन. मामेभाऊ तिथेच नोकरीला, म्हणून सगळ्यांचा जीव तिकडे. 2011ची शर्यत सरकारविरोधी आंदोलनामुळे रद्द झालेली; 2012 ला निदर्शनं चालू असतानाच गाड्या धावल्या. आपल्या माणसांच्या गाडीजवळ पेट्रोल बॉम्ब फुटला तेव्हा फोर्स इंडिया संघाने अंधाराआधी हॉटेल गाठायला सरावाचं एक सत्र सोडलं. शर्यत मात्र सोडली नाही.

जाण्याच्या बाजूने एक गोष्ट पटते: कॅमेरे येतात. 2021 मध्ये कतार आणि सौदीत ड्रायव्हर हॅमिल्टनचं समलिंगींच्या हक्कांसाठी घातलेलं इंद्रधनुषी हेल्मेट जगाने पाहिलं.

न जाणं महाग पडतं, म्हणून ते बोचतं. 1985 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीच्या शर्यतीला रेनॉ आणि लिजिए हे संघ गेले नाहीत. शर्यत झाली, पण पुढची थेट 1992 ला. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला होताच ड्रायव्हर फेटेलने रशियातल्या सोचीच्या शर्यतीला जाणार नाही म्हणून सांगितलं; दुसऱ्याच दिवशी ती शर्यत रद्द.

मी न जाण्याच्या बाजूची. भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, आपला हापूस येतोच की इथे!" येतो ना, पण तो बाजारात येतो, गिऱ्हाईक खातं. शर्यत राज्यकर्त्यांच्या पैशाने आणि त्यांच्या पाहुणचारात होते.