आकाशकंदिलासाठी ९ व्होल्टची बॅटरी की चार पेन्सिल सेल?

सहा पांढरे एलईडी घालून कंदील करायचा, तर आधी बॅटरी ठरवावी लागते. पहिल्या संध्याकाळी दोन्ही कंदील सारखेच उजळतात. फरक कळतो तो पुढच्या दोन दिवसांत.

९ व्होल्टच्या बॅटरीचा मोह पडणं साहजिक आहे. वजन जेमतेम ४५ ग्रॅम, स्नॅप (बॅटरीच्या दोन बटणांवर बसणारी टोपी) लावला की काम झालं. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, म्हणून दोन-दोनची सिरीज (एकामागे एक जोडणी) करून तीन जोड्या करायच्या. ९ मधून ६ गेले, ३ उरले. १० मिलिअँपिअर प्रवाहासाठी ३०० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा भाग) येतो. ३३० सहज मिळतो, तोच प्रत्येक जोडीला एकेक लावायचा, प्रवाह ९ च्या आसपास येतो. तीन एलईडी एका ओळीत घातले तर रेझिस्टरसाठी काही उरतच नाही, ते नुसते मिणमिणतात.

चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट. इथे प्रत्येक एलईडी स्वतंत्र, म्हणजे पॅरलल जोडणी. ६ मधून ३ गेले, ३ उरले, म्हणजे रेझिस्टर पुन्हा ३३०च (त्याच्यावरचे पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी). पाव वॉटचा भरपूर झाला.

माझं मत ठरलं ते उजेड उतरण्यावरून. ९ व्होल्टच्या बॅटरीत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल असतात. प्रत्येक सेल १.२ वर आला की बॅटरी ७.२ वर येते. जोडीचे ६ वजा केल्यावर रेझिस्टरला १.२ व्होल्ट उरतात, आणि प्रवाह ९ वरून ४ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. पेन्सिल सेल तेवढेच उतरले तर ४.८ मधून १.८ उरतात, प्रवाह साडेपाच. त्यात अल्कलाइन ९ व्होल्टची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, तर पेन्सिल सेलची २०००च्या वर. कागदावर सिरीज कमी वीज वाया घालवते हे खरं, तीन जोड्या मिळून २७ मिलिअँपिअर ओढतात आणि सहा स्वतंत्र एलईडी ५४, पण हिशेब १८ तास विरुद्ध ३७ तासांचा आहे. आणि त्या १८ तासांतलाही बराच वेळ कंदील मंदच असतो. ऐन लक्ष्मीपूजनाला कंदील उतरवून बॅटरी बदलावी लागणं मला तरी पटत नाही.

पॅरललमध्ये एक चूक वारंवार होते: सहा एलईडींना मिळून ५६ ओहमचा एकच रेझिस्टर. एकाच पाकिटातले एलईडीही अगदी सारखे नसतात. ज्याला व्होल्टेज कमी लागतं तो जास्त प्रवाह ओढतो, तापतो, तापला की आणखी ओढतो. तो गेला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो. प्रत्येकाला आपापला रेझिस्टर द्यावा. लाल एलईडी मिसळायचे असतील तर त्यांना ४७० ओहम, कारण त्यांच्यावर दोनच व्होल्ट पडतात. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचेच असतात, ते वापरणार असाल तर पांढऱ्यांना २२० घ्या.

कंदील पतंगी कागदाचा, हलका आणि एकाच संध्याकाळचा असेल, तर ९ व्होल्ट चालून जाईल. चार सेल आणि होल्डर मिळून शंभर ग्रॅमच्या वर जातात, सांगाडा एका बाजूला झुकतो. म्हणून होल्डर सांगाड्याला न बांधता वरच्या दोरीलाच बांधावा आणि फक्त दोन वायरी खाली सोडाव्यात. सेल बदलायला मग कंदील उघडावा लागत नाही. काही होल्डरना ९ व्होल्टचाच स्नॅप असतो. त्याला चुकून ९ व्होल्टची बॅटरी लागली, तरी ३३० ओहममुळे प्रवाह १८ मिलिअँपिअरवर थांबतो आणि एलईडी वाचतात.