आधी टेप, मग शोरूम: नव्या फ्लॅटसाठी बाथटब आणि शॉवरच्या भिंती

पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमधली बाथरूम बहुधा आठ बाय पाच किंवा सात बाय चार फुटांची असते. शोरूममध्ये १५०० मिमीचा टब 'पाच फुटी' म्हणून दाखवतात. पाच फूट म्हणजे १५२४ मिमी, म्हणजे कागदावर तो बसतो. पण प्लॅनवरचे पाच फूट बहुतेकदा गिलाव्याआधीचे असतात. १२ ते १५ मिमी गिलावा, ३-४ मिमी ॲडेसिव्ह आणि ९ मिमी टाइल धरली की एकेका बाजूने साधारण २५ मिमी जातात. उरतात १४७४. मग मिस्त्री भिंतीत खाच मारून टब सरकवायचा उपाय सुचवतो. तो ऐकू नका, कारण त्या खाचेतच वॉटरप्रूफिंग तुटते आणि पुढे शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते. १४०० मिमीचा टब घ्यावा आणि उरलेल्या जागेत साबण-शाम्पूसाठी कट्टा काढावा. या मापात मॉडेल कमी मिळतात, एवढेच.

आता माल. फ्लॅटसाठी आमची पहिली पसंती ॲक्रिलिकला. रिकामा टब तीस-चाळीस किलोंचा, दोघे जण सहज उचलतात, आणि अंगाला गार लागत नाही. मात्र ॲक्रिलिकच्या नावाखाली बरेच काही खपते. चांगल्या टबात अखंड ॲक्रिलिकची शीट असते आणि मागून फायबरग्लासचा जाड थर दिलेला असतो. हलक्या मालात एबीएस प्लास्टिकवर ॲक्रिलिकचा नुसता पातळ पापुद्रा असतो. ओळखायला सोपे आहे: टब उलटा करून मागचा थर बघा, कडेच्या छिद्रातून जाडी बघा आणि तळाच्या मधोमध तळहाताने जोर द्या. तळ दबत असेल तर तो टब सोडा. साधा एफआरपी (फायबरग्लासचा) टब स्वस्त पडतो, पण त्याचा जेलकोट (वरचा चकचकीत थर) घासून-घासून निस्तेज होतो. मग डाग धरतो आणि पुन्हा चकाकत नाही. ॲक्रिलिकवरचा बारीक ओरखडा ओल्या बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. थिनर, ॲसिटोन आणि घासायची पावडर त्याला वर्ज्य. ओतीव लोखंडाचा टब दीडशे किलोंच्या घरात जातो. बंगल्याच्या तळमजल्यावर ठीक, सहाव्या मजल्यावर हौस महागात पडेल.

वजनाचा हिशेब ॲक्रिलिकलाही चुकत नाही. १८० लिटर पाणी, एक माणूस आणि टब मिळून तीनशे किलोंच्या जवळ जातात, तेही जेमतेम एक चौरस मीटरवर. निवासी स्लॅबसाठी धरला जाणारा भार चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास असतो. त्यात सन्कन (बाथरूमपुरत्या खाली घेतलेल्या) स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला असेल तर तेही ओझे आलेच. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

गिझरकडे तर कोणी बघतच नाही. नळाचे पाणी २५ अंश आणि गिझरचे ६० अंश धरले, तर १८० लिटर पाणी ४० अंशांवर आणायला गिझरचे ७७ लिटर लागतात. घरोघरी असतो २५ लिटरचा! त्यातून टबाचा तिसरा हिस्सा कसाबसा भरतो. आणि माणशी रोजच्या पाण्याचे सरकारी मानक १३५ लिटर आहे, म्हणजे एका डुंबण्यात त्याहून जास्त पाणी जाते. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत तेवढ्याच जागेत काचेचे पार्टिशन टाकून चांगला शॉवर करावा, हे आमचे स्पष्ट मत.

तरी टब घ्यायचाच असेल तर बसवताना दोन गोष्टी मिस्त्रीसमोर उभे राहून करून घ्या. वेस्ट (तळातून पाणी जायची वाट) आणि ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी जायच्या वरच्या भोकाच्या) जोडणीपाशी हात जाईल असे किमान एक फूट बाय एक फुटाचे झाकण ठेवा. ते नसेल तर गळती शोधायला टाइल फोडावी लागते. दुसरी गोष्ट सिलिकॉनची. टब काठोकाठ भरून मगच भिंतीलगतच्या सांध्यात सिलिकॉन भरायचे आणि ते सुकेपर्यंत, साधारण २४ तास, पाणी तसेच ठेवायचे. रिकाम्या टबाला भरलेले सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला टब खाली दबताच सुटते.

शॉवरच्या भिंतीसाठी गुजरातेतल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइलला तोड नाही. ती अर्धा टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. साधी सिरॅमिक वॉल टाइल दहा टक्क्यांहून अधिक. पण कमी पाणी शोषण्याच्या गुणामुळेच व्हिट्रिफाइड टाइल नुसत्या सिमेंटवर धरत नाही आणि काही महिन्यांत ठोकल्यावर पोकळ वाजते. पॉलिमरयुक्त ॲडेसिव्हच हवे, खाचेच्या थापीने पसरलेले. २० किलोंची गोणी ३ मिमी थराला पन्नास चौरस फुटांच्या आसपास पुरते. तीन बाजूंच्या शॉवरला दोन गोण्या धरा. २ बाय ४ फुटांची टाइल देखणी, पण बिल्डरची भिंत ओळंब्यात (अगदी सरळ उभी) क्वचितच असते. म्हणून १ बाय २ फूट बरी.

टाइलच्या सांध्यात इपॉक्सी ग्राउट, म्हणजे फटी भरायचा रेझिनचा मसाला. सिमेंट ग्राउटच्या कितीतरी पट महाग, पण बोअरच्या पाण्याचे क्षार आणि काळी बुरशी त्यात शिरत नाही. ते कालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होऊ लागते, म्हणून थोडे-थोडे कालवावे आणि टाइलवरचा थर लगेच ओल्या स्पंजने पुसावा. मॅट टाइलवर तो सुकला तर निघता निघत नाही.

संगमरवर शॉवरमध्ये नको. कोटा आणि कडप्पाही नको. तिन्ही चुन्याचे, ॲसिडने खाल्ले जाणारे दगड, आणि आपल्याकडे क्षाराच्या डागांवर ॲसिड ओतायची सवय जात नाही. पीव्हीसी पॅनेल भाड्याच्या घरात डागडुजीला चालतील, पण त्यांच्या सांध्यातून पाणी मागे जाते आणि आत झुरळे नांदतात.

टाइल चढण्याआधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा, एक आडवा, शॉवरच्या भागात सात फुटांपर्यंत द्यायला हवेत. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात आधी गोला (मसाल्याची गोलाई) काढून घ्या. मग नहाणी ट्रॅप (जमिनीतून पाणी जायचे भोक) बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला हात लावून बघा.