शेरलॉक होम्स: बघावा की ऐकावा?

होम्सच्या कथा वाचून झाल्यावर त्यांचं एखादं चांगलं रूपांतर शोधायला निघालं की पर्याय डोक्यावरून जातात. मूळ कथेशी आणि व्हिक्टोरियन काळाशी इमान राखणारे मोठे उपक्रम त्यात मोजकेच आहेत. इंग्रजीतले त्यातले दोन मी समोरासमोर ठेवते. एक, ग्रॅनाडा टेलिव्हिजनची जेरेमी ब्रेटची मालिका, १९८४ ते १९९४. दुसरी, बीबीसी रेडिओ ४ वरची क्लाइव्ह मेरिसन (होम्स) आणि मायकल विल्यम्स (वॉटसन) यांची श्रुतिकांची मालिका, १९८९ ते १९९८. बेसिल रॅथबोनचे १४ चित्रपट मजेदार आहेत, पण पहिले दोन सोडले तर बाकीच्यांत होम्स थेट १९४०च्या दशकात जाऊन पोचतो. कंबरबॅचची मालिका तर मोबाइलच्या जमान्यातलीच. घोडागाडी, गॅसचे दिवे आणि तारा हव्या असतील, तर या दोघांतून निवडा.

पूर्णत्व हवं असेल तर रेडिओ. ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि दोन्ही प्रमुख भूमिकांत शेवटपर्यंत तीच जोडी. ग्रॅनाडाचे ४१ भाग झाले आणि ब्रेटच्या ढासळत्या तब्येतीमुळे काम थांबलं. 'अ स्टडी इन स्कार्लेट' त्यांनी केलंच नाही. म्हणजे होम्स आणि वॉटसन पहिल्यांदा भेटतात, एकमेकांना जोखतात आणि बेकर स्ट्रीटवरची जागा भाड्याने घेतात, ती सुरुवातच पडद्यावर नाही. मालिका उघडते तेव्हा दोघं जुने सोबती असतात. रेडिओवर मात्र ती ओळख कानांदेखत होते आणि पुढची मैत्री त्यावरच उभी राहते. मला हा फरक फार मोठा वाटतो. 'द साइन ऑफ फोर'मध्येही तेच. मूळ कादंबरीत वॉटसनचं मेरी मॉर्स्टनशी लग्न ठरतं, रेडिओने ते राखलं. ग्रॅनाडाचा वॉटसन तिच्याकडे बघून हळहळतो आणि अविवाहितच राहतो.

पण डोळ्यांनी बघायच्या गोष्टी डोळ्यांनीच बघाव्यात. 'द डान्सिंग मेन'मध्ये सगळं कोडं नाचणाऱ्या माणसांच्या चित्रांत दडलेलं आहे. पडद्यावर ती चित्रं समोर येतात, आपणही होम्सबरोबर अक्षरं जुळवू लागतो. श्रुतिकेत त्यांचं वर्णन ऐकावं लागतं आणि कोड्याची अर्धी गंमत तिथेच संपते. 'द ब्लू कार्बंकल'मधली जुनी टोपीही तशीच. तिच्यावरची धूळ आणि मेणबत्तीचे डाग ब्रेट एकेक करून दाखवतो, तेव्हा तर्क कसा बांधला जातो ते दिसतं. ग्रॅनाडाच्या मंडळींनी होम्सच्या सवयींची, कपड्यांची, बोलण्याची नोंद असलेली एक जाड संदर्भवही कामासाठी तयार केली होती. 'स्ट्रँड' मासिकात सिडनी पॅजेटने काढलेली चित्रं त्यांनी काही दृश्यांत जशीच्या तशी उभी केली. 'द फायनल प्रॉब्लेम'साठी तर स्वित्झर्लंडमधल्या खऱ्याखुऱ्या रायकेनबाख धबधब्यावर चित्रीकरण केलं. होम्स आणि त्याचा शत्रू मोरिआर्टी यांची झुंज होते आणि कड्यावरून खाली पडतात ते दृश्य एकदा पाहाच.

आता 'द स्पेकल्ड बँड'. हिंदुस्थानातून आणलेला साप, त्याला दूध, आणि शिट्टी वाजवून परत बोलावणं. साप दूध पीत नाही हे आपल्याकडच्या सर्पमित्रांनी इतक्या वेळा सांगितलंय, की पडद्यावर तो दिसला की आपलं मन लगेच शंका काढतं. मूळ कथेत होम्स आणि वॉटसन दिवा विझवून तासन्‌तास अंधारात बसतात. वाचकालाही काही दिसत नाही, फक्त आवाज कळतात. श्रुतिकेला हा अंधार आयताच मिळतो. किंचित फुत्कार, वेताच्या काठीचे सपासप फटके, आणि मग शेजारच्या खोलीतून किंकाळी. शंका काढायला सवडच मिळत नाही. ग्रॅनाडाचा हा भागही उत्तम आहे. जेरेमी केम्पचा डॉक्टर रॉयलट लोखंडी सळई वाकवून जातो आणि ब्रेट ती सरळ करतो, ते बघायलाच हवं. तरी शेवटच्या रात्रीसाठी मी रेडिओच निवडेन.

वॉटसनच्या बाबतीत निवड अवघड आहे. ग्रॅनाडात आधी डेव्हिड बर्क, तरतरीत आणि उत्साही. १९८६मध्ये 'द एम्प्टी हाउस'पासून एडवर्ड हार्डविक आला, शांत आणि पोक्त. होम्स मेला असं समजून काही वर्षं काढलेला माणूस असाच दिसेल, त्यामुळे बदल खटकत नाही. विल्यम्सच्या आवाजात ऊब आहे, आणि मेरिसनच्या चिडक्या, धारदार होम्ससमोर ती आणखी जाणवते. ब्रेटचा होम्स झपाटलेला, एका क्षणी हसणारा, दुसऱ्या क्षणी खुर्चीवरून उसळणारा. मेरिसनचा त्याहून कोरडा आणि बुद्धीने जास्त निष्ठुर. नुसता होम्स निवडायचा तर माझं मत ब्रेटला.

भाषेचा विचारही करा. दोन्हीकडे इंग्रजी जुन्या वळणाचं आणि वेगवान आहे. पडद्यावर उपशीर्षकं मिळाली तर काम सोपं होतं, श्रुतिकेत तो आधार नाही. त्यासाठी आधी ती कथा मराठीत वाचून घ्या. भालबा केळकरांचे अनुवाद आहेतच. मग पाऊण तासाची श्रुतिका अडखळत नाही.

ग्रॅनाडा सुरू केलीत तर १९८४-८५चे पहिले १३ भाग ओळीने बघा. त्यानंतर १९८६-८८चे. १९९३चे 'द लास्ट व्हॅम्पायर' आणि 'द एलिजिबल बॅचलर' मागे ठेवा. छोट्या कथा ताणून लांबवल्या आहेत आणि त्यात मूळचं फार थोडं उरलंय. १९९४च्या भागांत ब्रेट किती आजारी आहे हे दिसतं. 'द मॅझरिन स्टोन'मध्ये तर तपासाचं काम होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्याकडे सोपवावं लागलं. ते बघताना त्रास होतो.

आणि 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'साठी थेट रेडिओकडे जा. ग्रॅनाडाची १९८८ची आवृत्ती रेंगाळते, आणि तो कुत्रा एकदा डोळ्यांसमोर आला की त्याची भीती उरत नाही. १९९८ची श्रुतिका दोन भागांत आहे, प्रत्येकी सुमारे तासाभराची. दुसरा भाग उद्यावर टाकू नका.