उबुंटूची पूर्ण कॉन्फिग की लोकलमॉडकॉन्फिग?

लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रथमच कंपाइल करणाऱ्या (स्रोतापासून बांधणाऱ्या) एका विद्यार्थिनीला प्रश्न पडला आहे: कर्नलमध्ये काय घ्यायचे हे ठरवणारी कॉन्फिग फाइल उबुंटू या लिनक्स वितरणाची जशीच्या तशी घ्यावी, की लोकलमॉडकॉन्फिगने छाटून घ्यावी? पहिल्या मार्गात बूट डिरेक्टरीतील चालू कर्नलची कॉन्फिग फाइल उचलून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही नव्या पर्यायांना ठरावीक मूल्ये देणारी आज्ञा चालवतात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ मात्र त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे, ड्रायव्हरसारखे भाग) तेवढी ठेवून बाकीची वगळते.

वेळेत तुलनाच नाही. हजारो मॉड्यूल्स बांधायला साध्या लॅपटॉपवर काही तास लागू शकतात, तर छाटलेल्या कॉन्फिगचे काम त्याच्या लहानशा अंशात होते. डिस्कवरील जागेचेही तसेच.

भरवशाच्या बाबतीत पारडे उलटे फिरते. माझे छाटलेले कर्नल व्यवस्थित बूट झाले, पण पेन ड्राइव्ह लावला तर तो दिसेचना, कारण कॉन्फिग करताना तो जोडलेला नव्हता आणि यूएसबी स्टोरेजचे मॉड्यूल लोडच नव्हते. म्हणून वेबकॅम, प्रिंटर, ब्लूटूथ, व्हीपीएन हे सारे एकदा चालवून मगच ही आज्ञा द्यावी, आणि जुने कर्नल ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतून काढू नये.

उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये प्रमाणपत्रांच्या ज्या फाइलींचा पत्ता असतो त्या लिनक्सच्या मूळ स्रोतात नसल्याने बांधणी मध्येच थांबते. कॉन्फिगमधील ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि नव्या आवृत्त्यांत ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ या पर्यायांची मूल्ये रिकामी करणे हा त्यावरचा उपाय. लोकलमॉडकॉन्फिगही सहसा त्याच कॉन्फिग फाइलपासून सुरू होत असल्याने ही अडचण दोन्हीकडे सारखीच.

एकाच यंत्रावर पॅच (कोडमधील छोटे बदल) तपासत वारंवार कंपाइल करणाऱ्याने लोकलमॉडकॉन्फिग घ्यावे. रोजच्या कामाच्या किंवा अनेक यंत्रांवर बसवायच्या कर्नलसाठी पूर्ण कॉन्फिगच योग्य.