घरगुती गर्भचाचणी किट: कोणतं घ्यावं, रेघ कशी वाचावी

छाती दुखरी झाली, अंगात त्राण नाही, सारखं लघवीला जावं लागतंय, मध्येच एखादा हलका डाग दिसला. एवढ्यावरून दिवस राहिलेत की पाळी येऊ घातलीय, हे सांगता येत नाही. पाळीआधीच्या दिवसांतही प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलंच असतं, त्यामुळे यातली बरीच लक्षणं दोन्हीकडे सारखी. मळमळ तर बहुतेकींना पाळी चुकल्यावरच सुरू होते. म्हणून लक्षणं मोजत बसण्यापेक्षा चाचणी करावी, आणि त्यासाठी हे छोटंसं किट खरोखर उत्तम आहे. अट एकच: ते योग्य दिवशी वापरायला हवं.

गर्भ रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक रक्तात आणि मग लघवीत येतं. अंडमोचनानंतर, म्हणजे बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतर, रुजायला साधारण ६ ते १२ दिवस लागतात. पुढे सुरुवातीच्या काळात एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी जवळजवळ दुप्पट होतं. बहुतेक किटं दर मिलीलिटरला २५ मिली-इंटरनॅशनल युनिटच्या आसपास एचसीजी असेल तर ते पकडतात. पाळी चुकण्याच्या चार-पाच दिवस आधी केलेली चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर त्यावर काहीच ठरवू नये. पाळी चुकल्यावर पुन्हा करावी, तरीही ‘नाही’ आलं आणि पाळी आली नाही तर दोन-तीन दिवसांनी आणखी एकदा. पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर २१ दिवस थांबलेलं बरं.

प्रकारांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: गुलाबी रेघेचं, ड्रॉपरचं कार्ड घ्या. नुसती पट्टी तितकीच भरवशाची, पण ती खुणेच्या वर बुडवली की निकाल बिघडतो. निळ्या रंगाच्या किटांत फिक्या रेघेचा घोळ जास्त होतो. डिजिटलमध्ये शब्द वाचायला सोपा, पण आत पट्टीच असते. जास्त पैसे मोजावेत असं त्यात काही नाही.

सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्या. खूप पाणी पिऊन मग चाचणी केली तर लघवी पातळ होते आणि खरी गर्भधारणाही निसटू शकते. पाकीट आयत्या वेळी फोडा, कारण दमट हवेत पट्टी खराब होते. मुदत तपासा. कार्ड सपाट जागी ठेवून पत्रकात दिले असतील तेवढेच थेंब, बहुधा दोन-तीन, हवेचा बुडबुडा न येऊ देता खळग्यात टाका. मग घड्याळ लावा.

निकाल पत्रकातल्या वेळेतच वाचायचा, सहसा तीन ते पाच मिनिटांत. कार्डावर ‘सी’ ही किट नीट चालतंय का ते दाखवणारी जागा, ‘टी’ ही चाचणीची. ‘सी’समोर रेघ नसेल तर किट बाद, ‘टी’समोर काहीही दिसो. दोन्हीकडे रेघ असेल तर गर्भधारणा आहे, मग ‘टी’ची रेघ कितीही फिकी असो, फक्त तिला रंग हवा. दहा मिनिटांनंतर उमटलेली करडी, रंगहीन रेघ ही लघवी सुकल्याची खूण, तिच्यावर विसंबू नका. सर्वाधिक गैरसमज इथेच होतात, आणि विनाकारण आनंद किंवा धास्ती पदरी पडते.

वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर सुमारे दोन आठवडे किट खोटा होकार देऊ शकतं. नुकताच गर्भपात झाला असेल तर काही आठवडेही.

किटची खरी मर्यादा वेगळीच आहे: गर्भ कुठे रुजलाय हे ते सांगत नाही. तो गर्भाशयाबाहेर, बीजनलिकेत असला तरी दोन रेघा येऊ शकतात. होकारानंतर पोटात एका बाजूला तीव्र दुखलं, रक्तस्राव झाला, खांद्याच्या टोकाला कळ आली किंवा भोवळ आली, तर दुसरं किट आणायला जाऊ नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.