मोठं निवासी केंद्र की चौघांचं घर?

आई गेल्यानंतर धाकट्या भावाला दिवसभर घरी एकटं ठेवणं मला जमेना. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, वय बेचाळीस. आधी दोन वर्षं तो शहराबाहेरच्या एका मोठ्या निवासी पुनर्वसन केंद्रात होता. आता तीन वर्षं एका साध्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथे चार शुभार्थी (म्हणजे मानसिक आजार असलेली माणसं), एक मुक्कामी काळजीवाहक आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या समाजसेविका असतात.

मोठ्या केंद्राचं श्रेय आधी देतो. तिथे गोळ्या घड्याळाच्या काट्यावर मिळत. रात्री-अपरात्री काही झालं तर माणूस हजर असे. बऱ्याच महिन्यांनी मी सलग झोपलो ते तो तिथे गेल्यावरच. आजार नुकताच उसळून गेला असेल, गोळ्यांचा मेळ बसायचा असेल, तर पहिल्या सहा महिन्यांसाठी मी आजही तसंच ठिकाण बघेन.

माझं मन फिरलं ते शर्टामुळे. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जात आणि ढिगातून हाताला येईल तो कपडा ज्याला-त्याला मिळे. मी कॉलरच्या आत मार्करने नाव लिहिलं, दोनदा ऑफिसात बोललो. तरी दर भेटीत त्याच्या अंगावर दुसऱ्याचाच शर्ट. कधी बाह्या आखूड, कधी बटणं तुटलेली. आईने घेतलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट एकदा शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांनी घातलेला दिसला. त्यांचा काय दोष? मी भावाला विचारलं, तर म्हणाला, "असू दे दादा, इथे कुणाचं काही नसतं." हेच मला सहन झालं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २० मध्ये, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, हे मला पुढे कळलं. कायदा करणाऱ्यांनाही ही गोष्ट क्षुल्लक वाटली नव्हती तर.

फ्लॅटच्या अडचणी वेगळ्या आणि खऱ्या आहेत. करार अकरा महिन्यांचा. एका मालकाने मुदत वाढवायला नकार दिला आणि आम्ही नवं घर शोधत उन्हातान्हात फिरलो. सोसायटीच्या कमिटीसमोर दोन तास बसून शंकांना उत्तरं दिली. काळजीवाहक गणपतीला गावी जातो तेव्हा आम्ही शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे घरचे, पाळ्या लावून मुक्कामाला जातो. भावाने एकदा गोळ्या लपवल्या, ते आठवडाभराने लक्षात आलं. मोठ्या केंद्रात बहुधा दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. खर्चही थोडा जास्त, कारण भाडं आणि पगार चौघांतच वाटला जातो. घरात धावपळ करू शकणारं कुणीच नसेल, तर मी आग्रह करणार नाही.

तुमच्या माणसाला बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर वाट थोडी निराळी आहे. त्यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने आलेला नॅशनल ट्रस्ट (केंद्र सरकारची संस्था) आहे. एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा आणि प्रौढांच्या निवासाची घरौंदा योजना त्याचीच. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. आमचे काही महिने या गोंधळातच गेले.

अशा छोट्या घराचा धीर मला चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेच्या कामाबद्दल वाचून आला. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या बायका त्यांच्या मदतीने चार-पाच जणींच्या गटाने भाड्याच्या साध्या घरांत राहू लागल्या. त्यांना जमतं, मग माझ्या भावाला का जमू नये, असं वाटलं.

फ्लॅटमध्ये त्याला कपाटाचा एक कप्पा मिळाला, किल्लीसकट. पहिल्याच आठवड्यात त्याने फोन करून चिमटे मागवले, "माझे वेगळ्या रंगाचे आण" म्हणून. कपडे तो स्वतः धुतो, नीट पिळत नाही, बाल्कनीत पाणी ठिबकतं, खालच्या काकू कधी कधी ओरडतात. मग तो खाली जाऊन "सॉरी काकू" म्हणून येतो.

जागा बघायला जाल तेव्हा जेवणघर दाखवतीलच. तुम्ही कपडे कुठे वाळतात ते विचारा आणि तिथे राहणाऱ्या कुणालाही त्यातला आपला शर्ट कोणता, ते दाखवायला सांगा.