कायडेक्सचं पोटाशी लावायचं होल्स्टर आणि कडक बेल्ट: टोचत नाही, पण सेट करायला वेळ द्या

आधीच सांगतो, रिव्ह्यू होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल कमरेला ठेवायच्या म्यानाचा आहे पण अर्धा तरी बेल्टचाच होणार. लोक होल्स्टर निवडताना महिनोन्महिने डोकं खपवतात आणि शेवटी ते लावतात कुठे, तर फॉर्मल पँटवरच्या त्या मऊ पट्ट्याला, मग म्हणतात पिस्तूल टोचतं, खाली सरकतं, सारखी पँट वर ओढावी लागते. अरे मग सरकणारच ना. आणि हो, लायसन्समध्ये हत्यार लपवून बाळगायला परवानगी आहे का, कुठे न्यायचं कुठे नाही, हे आपापलं आधी बघून घ्या, त्याशिवाय पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

माझ्याकडे ग्लॉक १९ पिस्तूल आहे. १९८८ पासून चालत आलेलं मॉडेल, ना फार मोठं ना फार छोटं, मॅगझिन भरलेलं असलं की वजन साधारण ८५० ग्रॅम. आकडा ऐकून काही वाटत नाही, पण तेवढं वजन कमरेच्या एकाच बाजूला तळहाताएवढ्या जागेत दिवसभर लटकलं की संध्याकाळी हाडापाशी लाल वळ दिसतो. यावर सगळ्यांचा एकच सल्ला, छोटं घे. २०१८ मध्ये सिग कंपनीचं पी३६५ आलं, एवढ्याशा पिस्तुलात १० गोळ्यांचं मॅगझिन, तेव्हापासून तर हा सल्ला अजूनच जोरात मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पातळ पिस्तूल लपायला सोपं जातंच, पण छोटं पिस्तूल हातात जास्त उसळतं, ग्रिपवर, म्हणजे मुठीवर, करंगळीला जागा मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे वाईट होल्स्टरमध्ये तेही तेवढंच टोचतं. म्हणून पिस्तूल तेच ठेवलं आणि बाकीचं बदललं.

आता वापरतोय ते पूर्ण कायडेक्सचं आहे, पँटच्या आत, पोटाच्या उजव्या बाजूला लावायचं. बेंबीला घड्याळातले बारा धरले तर एक वाजतो तिथे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, हीच रचना बरेच जण बनवतात आणि मला सांगायचंय ते रचनेबद्दल. कायडेक्स म्हणजे अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसी मिळून बनलेलं कडक प्लॅस्टिक, विमानांच्या आतल्या भागांसाठीही वापरतात, त्याचा साधारण दोन मिलिमीटर जाड पत्रा तापवून पिस्तुलाच्या आकारावर दाबून बसवतात. त्यामुळे पिस्तूल आत सरकवलं की ट्रिगर गार्डपाशी (ट्रिगरभोवतीची कडी) टक् असा आवाज येतो आणि ते अडकतं. उलटं धरून हलवलं तरी पडत नाही (हे रिकाम्या पिस्तुलावर, गादीवर धरून बघायचं, उगाच शहाणपणा नको). पकड किती घट्ट हवी त्यासाठी एक स्क्रू आणि मध्ये रबराचा वॉशर असतो, पाव आटा इकडे तिकडे केला तरी फरक कळतो.

आता मुद्द्याचं. बहुतेकांना वाटतं लपवायची असते ती नळी. नळी तर पँटच्या आत जाते, ती कोणाला दिसणार? शर्टावर उमटते ती ग्रिप, विशेषतः तिचा मागचा खालचा कोपरा. तो पोटाकडे वळवायला या होल्स्टरला ट्रिगर गार्डच्या बाजूला एक छोटं पंख दिलंय, ज्याला क्लॉ म्हणतात. बेल्ट आवळला की तो त्या पंखावर दाब देतो, पंख होल्स्टरला फिरवतं आणि ग्रिप आत वळते. वस्तू दोन बोटांएवढी पण हिच्यामुळे मी पातळ टी-शर्ट घालू शकतो. पंख काढून आरशासमोर उभे राहा आणि मग लावून परत बघा, मला वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेज. होल्स्टरच्या खालच्या टोकाला, शरीराकडच्या बाजूला चिकटवायचा फोमचा उतरता तुकडा. तो खालचं टोक पोटापासून लांब ढकलतो त्यामुळे वरची बाजू आपोआप पोटाला टेकते. त्याहून मोठा फायदा असा की पूर्वी सगळा भार नळीच्या टोकावर, एका टिंबावर यायचा तो आता पसरतो. बसल्यावर जांघेत जे रुततं ना, त्याचं नव्वद टक्के कारण तेच टोक असतं. माझ्या होल्स्टरसोबत आलेला वेज फारच कडक होता आणि त्याची वरची कड धारदार, बूट बांधायला वाकलं की तीच कड लागायची, मग ब्लेडने कड गोल केली आणि जागा अर्धा इंच खाली घेतली, प्रश्न मिटला. कंपनीने हे कारखान्यातच करायला हवं होतं, एवढे पैसे घेतात तर.

अजून एक उलटं वाटेल असं सांगतो. पोटाशी लावताना लांब होल्स्टर आखूडपेक्षा जास्त आरामदायक असू शकतं. आखूड होल्स्टरमध्ये पिस्तुलाचं जास्त वजन बेल्टच्या वर राहतं, मग ते पुढे कलंडतं आणि ग्रिप शर्टातून डोकावते. नळीच्या पुढे इंचभर रिकामं होल्स्टर असलं तर बेल्टच्या खाली टेकायला जागा मिळते आणि सगळं सरळ राहतं. ज्यांचं पोट थोडं सुटलंय (म्हणजे आपण सगळेच) त्यांना तर हे फारच लागू पडतं. उंचीचंही तसंच, होल्स्टर बेल्टला अडकवणाऱ्या क्लिपची भोकं वरखाली करता येतात, फार वर ठेवलं तर ग्रिप बरगडीत घुसते आणि फार खाली ठेवलं तर काढताना बोटं बेल्टमध्ये अडकून पूर्ण पकड मिळत नाही. दोन्हीच्या मधलं भोक शोधायला काही दिवस घरातच लावून बसा उठा, जिने चढा, गाडीत सीटबेल्ट लावून बसा. एक बैठक मारून जमणारं हे काम नाही.

बेल्ट. साधा पट्टा पँटच्या दोन लूपांच्या मध्ये वजनाने ओल्या जीन्सच्या दोरीसारखा लोंबतो, आणि तो लोंबला की पंख, वेज, क्लिप कशाचाच उपयोग होत नाही कारण सगळे त्याच दाबावर काम करतात. चांगला बेल्ट उभा धरून पिळायचा प्रयत्न केला तर पिळला जात नाही, कमरेभोवती मात्र नीट वळतो. दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचा घ्या, बहुतेक क्लिप त्याच मापाच्या येतात, बारीक बेल्टवर मोठी क्लिप लावली की ती डुगडुगते आणि पिस्तूल काढताना होल्स्टरच सोबत वर येऊ शकतं. मी भोकं नसलेला, आतून दात्यांची पट्टी असलेला घेतलाय, बसताना एक दाता सैल आणि उभं राहिलं की परत घट्ट. भोकांच्या बेल्टमध्ये एक भोक म्हणजे जवळजवळ इंचभर फरक, जेवणाआधी घट्ट आणि जेवणानंतर जीव गुदमरतो. बेल्टला माझ्याकडून पाचपैकी पाच.

होल्स्टरला चार. एक का कापला, तर घाम. कायडेक्स हवा खेळू देत नाही, अंगाला थेट लागलं की उन्हाळ्यात पुरळ येतं, आत बनियन हवंच. वरचा घामाचा पडदा, म्हणजे पिस्तूल आणि अंग यांच्यामध्ये वर आलेला होल्स्टरचा भाग, जरा उंच आहे, त्याचा कोपरा बसल्यावर पोटात लागतो, तो घासून गोल करावा लागला. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, काही महिन्यांत चमकदार ओरखडे पडतात, मला फरक पडत नाही पण ज्यांना पिस्तूल शोकेससारखं ठेवायचंय त्यांना वाईट वाटेल. आणि एका मॉडेलचं होल्स्टर दुसऱ्याला चालत नाही, पिस्तुलाला टॉर्च लावला तर त्यासाठी वेगळं घ्यायचं.

आधी वापरलेले बाकीचे प्रकार पटकन सांगून टाकतो. चामड्याचं अंगाला सगळ्यात मऊ, याबाबत वादच नाही, पण जुनं झालं की तोंड मऊ पडून आत दुमडतं आणि ती घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरू शकते, म्हणून तोंडाला कडक पट्टी शिवलेलंच घ्या आणि ढिलं पडलं की फेका. पोटपट्टा, म्हणजे रुंद इलॅस्टिकचा, पळायला किंवा बेल्ट नसलेल्या पँटवर बरा, पण ट्रिगरवर कडक कवच असलेलाच. नुसत्या इलॅस्टिकच्या कप्प्यात कापडावरूनही ट्रिगर दाबला जाऊ शकतो, तसला फुकट मिळाला तरी नको. घोट्याचा सतत बसून काम असणाऱ्यांना ठीक, चालताना पाय जड. पाठीच्या बरोबर मध्ये लावायचा विचारही करू नका, मागे पडलात तर लोखंडाचा तुकडा थेट मणक्यावर. खिशात ठेवायचं तर छोटं पिस्तूल, खिशाचंच होल्स्टर, आणि त्या खिशात किल्ली नाही, नाणं नाही, काही म्हणजे काही नाही.

पोटाशी लावायला लोक घाबरतात, नळी कुठे बघत असते ते आठवून. भीती योग्यच आहे. ग्लॉकला बाहेरून खटका नसतो, आतल्या तीन सेफ्टी ट्रिगर दाबला की एकामागून एक सुटतात, म्हणजे ट्रिगर झाकणारं होल्स्टर हीच खरी सेफ्टी. धोका बसून राहण्यात कमी आणि पिस्तूल परत आत घालताना जास्त असतो, शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी आत गेली की संपलं. त्यामुळे शर्ट दुसऱ्या हाताने पूर्ण वर, कंबर पुढे काढून नळीचं तोंड अंगापासून लांब, बोट ट्रिगरपासून बाहेर, डोळे होल्स्टरवर, आणि घाई शून्य. मी तर घरी होल्स्टर काढून हातात घेतो, पिस्तूल त्यात बसवतो आणि मग दोन्ही मिळून कमरेला लावतो, या होल्स्टरच्या क्लिप त्यासाठी पटकन निघतात हे मला फार आवडलं. सराव करायचा तर रिकाम्या पिस्तुलावर, गोळ्या दुसऱ्या खोलीत, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना ते दोनदा बघून.

शेवटचं एक, स्क्रू. क्लिपचे आणि पंखाचे स्क्रू चालून चालून सैल होतात, माझा पंखाचा एक सैल होऊन खुळखुळायला लागला होता. आल्या आल्या सगळे उघडून त्यांना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, लाल नको, नाहीतर नंतर उंची बदलायची म्हटलं तर उघडणार नाहीत. रबराच्या वॉशरला मात्र ते लागू देऊ नका.